तिसरा

कुडाळच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात
अर्धं टेबल माझं.
उरलेल्या अर्ध्यावर कात्री, डिंक, आणि कुणीकुणी न्यायला विसरलेले
पासपोर्ट फोटो.

जयवंत मेतर आला तेव्हा
त्याच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता.
सहा महिने चालणाऱ्या माणसाच्या चपला.
लायसन आजच ओरोसहून परत मिळालं होतं,
ते त्यानं खिशात ठेवलं नव्हतं,
तापातून उठलेल्या पोराचा हात धरावा
तसं धरलं होतं.

“बाय, टेम्पोचो इन्शुरन्स कर.”

मी फॉर्म काढला.
मालवण ते कोल्हापूर. माल : बांगडा, बर्फ.
मागच्या तीन वर्षांत अपघात? हो / नाही.
त्यानं ‘हो’वर खूण केली,
मग तीच गिरवली, परत गिरवली,
कागद फाटेपर्यंत.
मी दुसरा फॉर्म दिला.

नो क्लेम बोनस शून्य.
दोन कंपन्यांनी फोनवरच नको म्हटलं,
तिसरीनं जो आकडा सांगितला
तो ऐकून सुहासनं मशीन थांबवलं.
जयवंत म्हणाला, “बरां.”
घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही.
त्याला दुसरंच काही फेडायचं असतं,
आणि माझ्याकडे तसली पॉलिसी नाही.

“थर्ड पार्टी म्हंजे कोण?”

वीस वर्षं सांगत आलेय, पाठ आहे :
पहिला तू. दुसरी कंपनी.
तिसरा म्हणजे जो सही करत नाही,
हप्ता भरत नाही,
ज्याला पत्ताच नसतो
की इथे एका अर्ध्या टेबलावर
त्याच्या हातापायांचा हिशेब चाललाय.

“त्याचा नाव खय लिवचा?”

लिहायचं नसतं, म्हटलं.
तिसऱ्याला नाव नसतं. अपघात होईपर्यंत.

“माका म्हायत हा,” तो म्हणाला. “इनास.”

मग त्यानं सांगितलं, मी विचारलं नव्हतं :
लिलाव उशिरा सुटला, बर्फ पाणी व्हायला लागलेलं,
नेरूरपारचा पूल उतरताना एक जांभई.
फक्त एक.
पंचनाम्यात लिहिलंय : सायकल एक, टोपली एक,
पाव अंदाजे दीडशे.
“मी आधी पाव येचूक लागलंय, बाय.
मानूस बाजूक पडलेलो,
नी मी पाव येचतंय. गरम होते अजून.”

सुहासनं मशीन चालू केलं.
आवाज हवा होता कुणाचा तरी.

पैसे मोजून तो गेला. पन्नासच्या नोटा,
माशाचा वास नसलेल्या.
सहा महिन्यांत तोही उडाला होता.

जेवणवेळेनंतर एक जण कुबडीवर आला.
हॉस्पिटलची बिलं, तीन-तीन प्रती,
कोर्टात लावायच्यात.
मी मशीनचं झाकण उचललं.
काचेवर लायसन,
पालथं.

विसरला होता. इतकं धरून ठेवलेलं, आणि विसरला.

मी ते उचलताना उलटं झालं.
कुबडीवाल्यानं पाहिलं.
मी हात मिटायला हवा होता, मिटला नाही.
दुकानात फक्त पंखा.
बाहेर कंडक्टर वेंगुर्ला, वेंगुर्ला ओरडत होता.

त्यानं लायसन घेतलं,
डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं,
चष्मा त्या पहाटेच फुटलेला असणार.

“फोटोत बारीक दिसता,” इनास म्हणाला.

आणि आपली बिलं काचेवर ठेवली,
नीट, कडेला कड लावून,
ट्रेमध्ये पाव लावतात तशी.